पौर्णिमेला पाच दिवस होते

नारायण पेठेत दीनानाथ जोशांना विचारल्याशिवाय कुणी नवी चूलसुद्धा पेटवत नसे. लग्नमुंजींचं एक वेळ समजू शकतो, पण विहिरीतला गाळ काढायला, बैल विकायला, रुसून माहेरी गेलेल्या बायकोला आणायला, सगळ्यालाच लोक मुहूर्त विचारायचे आणि दीनानाथ तो गंभीर चेहऱ्याने काढून द्यायचा. माणूस लबाड असता तर परवडलं असतं. लबाड जोशी अडल्यावेळी सवलत देतो. दीनानाथ प्रामाणिक होता, हीच खरी पंचाईत होती. पंचांगात जे आहे ते आहे आणि नाही ते नाही, असं तो मनापासून मानायचा.

त्याचा बालमित्र श्रीनिवास सरकारी दप्तरात कारकून होता. आरमाराकडून येणारी पत्रं उतरवून घ्यायची, हे त्याचं काम. बावीस वर्षं त्याने गलबतं, गुराबा, डोलकाठ्या, शिडं, वादळं यांबद्दल लिहिलं. उधाण म्हणजे मोठी भरती आणि भांग म्हणजे लहान, हे तो पेठेतल्या पोरांना ऐटीत समजावून सांगायचा. समुद्र मात्र त्याने उभ्या जन्मात पाहिला नव्हता. पूर आलेली मुठा, याहून मोठं पाणी त्याच्या डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं.

शके सतराशे दहाच्या पावसाळ्यात त्याला खोकला लागला तो सुटेना. दसऱ्याच्या सुमारास थुंकीतून रक्त पडायला लागलं. वैद्यांनी नाडी पाहिली आणि म्हणाले, "पंत, आता जे खावंसं वाटेल ते खा." वैद्यांनी पथ्य सोडलं की त्याचा अर्थ काय होतो, हे पुण्यात लहान मूलही जाणतं.

त्या संध्याकाळी नदीच्या पायऱ्यांवर चौघे मित्र नेहमीसारखे बसले. श्रीनिवास, दीनानाथ, दप्तराला कागद पुरवणारा कागदीपुऱ्यातला मकबूल आणि पायात गोळी लागल्यामुळे चाकरी सोडून घरी बसलेला जयसिंग शिलेदार. वीस वर्षांची बैठक होती ती. पान एकाच्या डब्यातलं, चुना दुसऱ्याचा आणि टोमणे सगळ्यांचे.

"मला काही खावंसं वाटत नाही," श्रीनिवास म्हणाला. "मला समुद्र बघायचाय. आणि नुसता काठावरून नाही बघायचा. पाण्यात उभं राहायचं. गुडघाभर पाण्यात तरी."

जयसिंग लगेच म्हणाला, "चौलास जाऊ. तिथं माझ्या वळखीची वाडी हाय. बक्कळ ऊन, खारा वारा. उद्याच निघू."

"उद्या नाही," दीनानाथ म्हणाला. "समुद्र काही रोज शिवायची गोष्ट नाही. रोज लांबून नमस्कार करावा, पण पाण्याला हात लावायचा तो पर्वावरच. अमावास्येला नाहीतर पौर्णिमेला. एरवी शिवला तर पुण्य जातं, आयुष्य घटतं. अमावास्येला पोचू अशा बेताने निघू."

श्रीनिवास हसला. "माझं आयुष्य आणखी घटवायचं म्हणजे समुद्राला बरंच बारीक काम करावं लागेल."

हसता हसता त्याला ढास लागली आणि मकबूल त्याची पाठ चोळत बसला. दीनानाथला मात्र हसू आलं नाही. श्रीनिवासची पत्रिका त्याने तीनदा मांडली होती आणि तिन्ही वेळा चैत्रापर्यंत धोका दिसत नव्हता. पर्वकाळचं समुद्रस्नान घडलं तर चैत्रही टळेल, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. त्याला मित्र हवा होता. दुसरं काहीही त्याला नको होतं.

निघायचं ठरलं कार्तिक वद्य दशमीला. तिथीच्या नादात वार बघायचा राहिला होता; त्या दिवशी रविवार निघाला. रविवारी पश्चिमेला प्रवास करायचा नसतो, म्हणून दीनानाथने सगळ्यांना सोमवारपर्यंत थांबवलं. भरलेली गाडी दारात उभी राहिली, बैल सोडून परत गोठ्यात बांधले. श्रीनिवासची बायको मंदाकिनी हिने बांधून दिलेल्या दशम्या चौघांनी घरच्या घरीच खाल्ल्या. एक मजल जास्त मारून अमावास्या गाठू, असं दीनानाथ म्हणाला आणि एका दिवसाने काय होतंय, असं सगळेच म्हणाले.

घाटमाथ्यापर्यंत गाडी आणि पुढे श्रीनिवाससाठी डोली. डोलीचे भोई दमाने चालत होते, भैरू नावाचा त्यांचा म्होरक्या दर वळणावर "पंत, बरं हाय न्हवं?" विचारायचा आणि श्रीनिवास आतून "तुझ्यापेक्षा बरं, मला चालायचं नाही" म्हणायचा. संध्याकाळी दोन चुली मांडल्या जात. एकीवर ब्राह्मणांचा भात, दुसरीवर जयसिंग आणि मकबूल यांची भाकरी. मधल्या चार हातांच्या अंतरावरून थट्टा बिनदिक्कत ये-जा करायची. वीस वर्षांत चौघांनी एकत्र पुण्याबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. मरणाच्या निमित्ताने का होईना, सहल घडली. श्रीनिवास त्या सहा दिवसांत जेवढा बोलला, तेवढा वर्षात बोलला नव्हता.

ते चौलास पोचले ते प्रतिपदेच्या दुपारी. अमावास्या आदल्या दिवशी संपली होती. गावात देवदिवाळीची गडबड चालू होती आणि नारळांच्या शेंड्यांवर लख्ख ऊन पडलं होतं. जयसिंगच्या ओळखीची वाडी तुळजाबाई नावाच्या विधवेची होती. वाडीच्या कुंपणापलीकडे वाळूची पुळण आणि पुळणीपलीकडे समुद्र.

भोयांनी डोली पुळणीवर टेकवली. श्रीनिवासने पडदा बाजूला केला आणि बराच वेळ नुसता बघत राहिला. बावीस वर्षं समुद्रावर लिहिणारा कारकून, पण त्याला एक शब्द सुचला नाही. मग तो हळूच म्हणाला, "अरे दिनू, हे तर हलतंय. मला वाटायचं, भरती आली की हलत असेल. हे सारखं हलतंय." आणि तो लहान पोरासारखा रडायला लागला.

थोड्या वेळाने त्याने भैरूला हात दिला. "उठव मला. पाण्यापाशी ने."

"थांब," दीनानाथ म्हणाला. "आज प्रतिपदा आहे."

एक दिवस कुठे गेला, ते चौघांनाही ठाऊक होतं.

"म्हणजे पौर्णिमेपर्यंत?" श्रीनिवासने विचारलं.

"चौदा दिवस. राहू इथेच. हवा चांगली आहे. तुला मानवेल."

"जोशीबुवा," जयसिंग चिडून म्हणाला, "समुद्राला काय कळतंय आज कोण तिथ हाय ते? नुसता पाय तर बुडवायचा!"

"तुम्हाला नाही समजायचं. आजारी माणसाने अपर्वी शिवला तर आहे तेवढंही आयुष्य जाईल. मी त्याला मारायला इथे आणलेलं नाही."

मकबूल नेहमी जपून बोलायचा. तो म्हणाला, "पंत, तुमच्या धर्मात मी बोलू नये. पण तुम्ही सांगा, मी आत्ता उचलून नेतो."

सगळे श्रीनिवासकडे बघायला लागले. त्याने दीनानाथच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावर हट्ट नव्हता, निव्वळ भीती होती. श्रीनिवास म्हणाला, "नको रे मकबूल. मी पाण्यात आणि हा काठावर जप करत बसलेला, त्यात काय मजा? दिनू बरोबर उतरेल तेव्हाच उतरू. चौदा दिवस काय, मोजता मोजता जातील."

मोजायचं काम दीनानाथकडे होतंच.

रोज सकाळी ऊन तापलं की श्रीनिवासची बाज पुळणीवर आणली जायची. दीनानाथ आधी जाऊन ओल्या वाळूची रेघ बघायचा आणि तिच्यापासून वीस पावलं अलीकडे बाज मांडायला लावायचा. श्रीनिवास उशाला टेकून गलबतं ओळखायचा. "ती बघ, गुराब. तीन काठ्या. मी हिच्यावर दोन दस्ते कागद खर्ची घातलेत, आणि ही मला ओळखसुद्धा देत नाही." तुळजाबाई शहाळं फोडून द्यायची. एकदा तिला राहवलं नाही. ती म्हणाली, "आमची माणसं रोज पाण्यात जातात, बाबा. पोटासाठीच जातात. तुमच्या हिशेबानं आम्ही सगळ्यांनी कधीच मरायला हवं होतं." त्या दिवशी दीनानाथने जपाच्या दोन माळा जास्त ओढल्या.

आठव्या दिवशी अष्टमी होती. त्या दिवशी भांग असते, पाणी फार वर येत नाही, हे श्रीनिवासनेच सांगितलं, म्हणून बाज नेहमीपेक्षा पुढे नेली होती. दिवस कलताना, भरतीला वारा सुटला आणि एक लाट सगळ्यांची नजर चुकवून सरळ वर चढली. पांढरा फेस बाजेच्या पायांशी आला. श्रीनिवासचे पाय बाजेवरून खाली सोडलेले होते. पाणी आणि त्याच्या टाचा यांच्यात चार बोटांचं अंतर असेल नसेल. तो पाय खाली करू लागला आणि तेवढ्यात दीनानाथ ओरडत धावला.

"भैरू, उचल! उचल बाज!"

भैरूने आणि त्याने बाज उचलली आणि श्रीनिवाससकट वर कोरड्या वाळूत नेऊन ठेवली. लाट परत गेली. दीनानाथ धापा टाकत होता, त्याच्या कपाळावर घाम आला होता. श्रीनिवास पाणी गेलं त्या दिशेला बघत होता.

"ते आपण होऊन आलं होतं रे," तो म्हणाला.

एवढंच म्हणाला. रागावला नाही, टोमणा मारला नाही. टोमणा मारला असता तर दीनानाथला बरं वाटलं असतं.

नवमीला श्रीनिवासला उठून बसवेना. दशमीला सकाळी त्याने बाज बाहेर न्यायला सांगितली. ऊन छान पडलं होतं. त्याने विचारलं, "किती राहिले?"

"पाच."

"बरं," तो म्हणाला आणि डोळे मिटून घेतले. दीनानाथला वाटलं, झोप लागली. उन्हाची तिरीप तोंडावर येत होती म्हणून तो आपलं उपरणं धरून उभा राहिला. बऱ्याच वेळाने मकबूल जवळ आला, त्याने श्रीनिवासच्या नाकाशी हात धरला आणि मग दीनानाथच्या हातातलं उपरणं हळूच काढून घेतलं.

श्रीनिवासला मूलबाळ नव्हतं. अग्नी दीनानाथनेच दिला. जयसिंग लंगडत लंगडत लाकडं वाहत होता आणि मकबूल सगळ्यांच्या मागे, ज्या जागी बाज असायची तिथे, एकटाच बसून राहिला होता. मंदाकिनीला कळवायला जासूद त्याच दिवशी पुढे गेला.

तिसऱ्या दिवशी अस्थी गोळा केल्या. गावातले एक म्हातारे भटजी क्रिया सांगायला आले होते. त्यांनी मडकं दीनानाथच्या हातात दिलं. "चला. उतरा पाण्यात."

"आज द्वादशी आहे," दीनानाथ म्हणाला. सवयीने तोंडातून निघून गेलं.

भटजींनी चमकून त्याच्याकडे पाहिलं. "अस्थींना तिथी लागत नाही. आपण स्वतः जोशी ना? आपल्याला मी सांगायचं?"

दीनानाथला ते माहीत होतं. पेठेतल्या किती घरांना त्याने स्वतःच्या तोंडाने हे सांगितलं होतं. मेलेल्या माणसाला पर्व लागत नाही, दशमी असो, द्वादशी असो. श्रीनिवासने नुसतं मरायचा अवकाश होता, मग कुणी त्याला पाण्यापासून अडवणार नव्हतं.

तो पाण्यात उतरला. घोटा, गुडघा, कंबर. मध्येच गुडघ्याशी तो थांबला होता, कारण पुढे पाऊल टाकवत नव्हतं. भटजी काठावरून मंत्र म्हणत होते. दीनानाथने मडकं उपडं केलं, बुडी घेतली आणि वर आला तेव्हा तो मोठ्याने हुंदके देत होता. खाऱ्या तोंडावर रडणं दिसत नाही, पण ऐकू येतं.

पौर्णिमेच्या दिवशी ते घाट चढत होते. रिकामी डोली भोयांनी आडवी खांद्यावर टाकली होती. कुणी मागे वळून पाहिलं नाही.

वद्य तृतीयेला ते पुण्यात पोचले. दीनानाथ आपल्या घरी गेलाच नाही. धुळीच्या पायांनी तो श्रीनिवासच्या ओटीवर जाऊन बसला. वाटेतले सहा दिवस त्याने हेच ठरवलं होतं, की काही लपवायचं नाही. तिने शिव्या द्याव्यात, दारात उभं करू नये, पेठेत चारचौघांत सांगावं की माझ्या नवऱ्याची शेवटची इच्छा या माणसाने पुरी होऊ दिली नाही. ते सोसायला तो आला होता.

मंदाकिनी माजघराच्या दाराआड बसली होती. तिचा आवाज तेवढा आला. "भावजी, त्यांनी समुद्र पाहिला?"

"पाहिला. रोज पाहिला. दहा दिवस."

"आणि पाण्यात उतरले का हो? फार मनात होतं त्यांच्या."

"नाही, वहिनी." दीनानाथ म्हणाला. "मी उतरू दिलं नाही. आम्ही पोचलो तर अमावास्या होऊन गेली होती. रविवारी मीच थांबवलं होतं. ते म्हणत होते, जयसिंग म्हणत होता. एकदा पाणी पायाशी आलं, तर मी बाज उचलून मागे नेली. पौर्णिमेला पाच दिवस होते."

दीनानाथ मान खाली घालून वाट बघत राहिला. बांगड्या नसलेला हात दाराच्या चौकटीला टेकला, एवढं त्याला दिसलं.

"बरोबरच केलंत," मंदाकिनी म्हणाली. "पर्व नसताना कसं शिवायचं? तुम्ही होतात म्हणून सांभाळलं गेलं. दुसऱ्या कुणी भलतंच होऊ दिलं असतं, आणि मग जन्मभर मनाला लागून राहिलं असतं, की त्यामुळेच गेले."

दीनानाथने वर पाहिलं. ती त्याला मनापासून सांगत होती. तिच्या आवाजात राग नव्हता, उपकाराची जाणीव होती. गेली वीस वर्षं नारायण पेठेला त्याने जे शिकवलं, ते ती एक अक्षर न चुकता त्याला परत सांगत होती.

"नाही हो वहिनी," तो म्हणाला, "नुसता पाय तर बुडवायचा होता."

"असं कसं म्हणता, भावजी?" दाराआडून ती त्याची समजूत घालू लागली. "तुम्हीच असं म्हणायला लागलात तर आम्ही कुणाला विचारायचं?"