दोन मिस्ड कॉल

टॉवर दुरुस्त करणारे दाजी आणि त्यांचा मेव्हणा यांच्यात ठरलेलं साधं होतं. दाजींनी वर चढायचं, मेव्हण्यानं खालच्या खोलीत मेन स्विचपाशी बसायचं. वरून एक मिस्ड कॉल आला की वीज बंद, दोन आले की चालू. वीज गेली की टॉवर मरतो, टॉवर मेला की फोन मरतो, हे दोघांनाही ठाऊक होतं. म्हणून आपल्या कंपनीच्या टॉवरवर काम करताना दोघं दुसऱ्या कंपनीचं सिम वापरायचे. त्यात त्यांना काही वावगं वाटत नसे.

सोमवारी साहेब आले. वर्षभरात गिऱ्हाइकं दुप्पट झाली म्हणून खुशीत होते. त्या खुशीत त्यांनी दोघांच्या फोनमधली परकी सिमं काढून खिशात टाकली आणि आपली कोरी घातली. दाजी वाद न घालता वर गेले. टोकावरच्या लाल दिव्याची वायर बदलायची होती. तिच्यावरच्या रबराचा उन्हानं भुगा झाला होता. एक मिस्ड कॉल आला. मेव्हण्यानं स्विच पाडला, रेंज गेली, आणि तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला. पुढचे दोन आता येणार कुठून?

तो बाहेर धावला. वर दाजी सदऱ्याच्या बटणाएवढे दिसत होते, तेही पाठमोरे. त्यानं घसा फुटेस्तोवर हाका मारल्या, पण सगळ्या वाऱ्यानं भलतीकडेच नेल्या.

रेंज गेल्याची तक्रार फोनवर करता येत नसल्यामुळे लोक चालत आले. तीन वर्षांपूर्वी यांतल्या निम्म्यांकडे फोनच नव्हता. आता फोनशिवाय अर्धा तास निघेना. गळ्यात टेप घातलेला शिंपी आला. दातांचे डॉक्टर आले, पेशंटला तोंड उघडंच ठेवायला सांगून. खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही.

"वीस मिनिटं म्हणाला होता तुझा दाजी, पस्तीस झाली," साहेब घड्याळ बघत म्हणाले. "झालं असेल त्याचं. कर चालू."

"मिस्ड कॉल आला नाही, साहेब."

"टॉवर बंद असताना येईल कसा?"

"तेच म्हणतोय मी. त्यांच्या हातात उघडी तार आहे."

शिंप्यानं टोमणा मारला की याचा जीव दाजींत अडकलाय आणि आमचा याच्यात. लोक हसले, पुढे सरकले. साहेबांचा हात स्विचकडे गेला. मेव्हणा "हो साहेब" म्हणाला, फ्यूज उपसून खिशात घातला आणि गर्दीतून वाट काढत थेट टॉवर चढू लागला.

हा माणूस स्टुलावर चढला तरी डोळे मिटायचा. लोखंड तापलेलं, तळहात घामानं निसटत होते. खालून साहेब त्याच्या सात पिढ्यांची नोकरी घालवत होते. प्रत्येक पायरीला तो एका हातानं खिसा चाचपायचा, म्हणजे उरलेल्या एकाच हातावर लोंबकळायचा.

वर दाजी दोन्ही हातांत तार धरून बसले होते. त्याला बघून चपापले.

"खाली स्विचपाशी कोण आहे?"

"साहेब."

दाजींचे हात जागीच थिजले. मेव्हण्यानं फ्यूज काढून दाखवला. मग दाजींनी तारेचं उरलेलं काम केलं, दोनदा टेप गुंडाळली आणि म्हणाले, "जा, चालू कर."

मेव्हण्यानं पहिल्यांदाच खाली बघितलं. शिडीभोवती त्याच्या बोटांची कडी बसली. "दाजी, मला नाही उतरता येणार."

"बरं, फ्यूज दे. मी करतो चालू."

"मी वर असताना?"

आता तार झाकली आहे, काही होत नाही, असं दाजींनी तीन वेगवेगळ्या प्रकारे समजावलं. मेव्हण्याला ते तिन्ही वेळा पटलं. फ्यूज मात्र त्यानं दातांत धरला.

खाली शिंप्यानं टॉवरची सावली कुठे पडते ते बघितलं, चपला उशाला घेतल्या आणि आडवा झाला.