पुढं चौदा, मागं शहात्तर

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी फळी आहे, सोलापुरातल्या एका कापूस-जिनाच्या फाटकात गाड्या तोलणाऱ्या काट्याची. मला ओतलं विलायतेत, आणलं बोटीनं आणि बसवलं इथं खड्ड्यावर. माझ्या पोटाखाली चार दांड्या आहेत. वरचा भार त्या शेजारच्या खोलीतल्या काट्यापर्यंत पोचवतात. बढाई मारत नाही, पण शेरभर खोटं माझ्या अंगी नव्हतं. माणसांचं मला विचारू नका.

बैलगाड्या होत्या तोवर माझं राज्य होतं. एकतीस साली मोटारलॉऱ्या आल्या. इतक्या लांब, की माझ्यावर अख्ख्या मावेनात. मग आधी पुढची चाकं तोलायची, नंतर मागची, आणि बेरीज करायची.

गुरप्पा जन्माचा गाडीवान. लॉरी चालवायला लागला, पण डोकं बैलांतच राहिलं. बैलांच्या मानेवर ओझं पडू नये म्हणून गाडीवान माल मागं सारतात. ह्या शहाण्यानं इंजिनाची दया येऊन कापसाच्या दाबून बांधलेल्या गठ्ठ्यांपैकी, गासड्यांपैकी, निम्म्याहून जास्त मागच्या चाकांच्याही मागं रचल्या. अरे, लॉरी वळते पुढच्या चाकांवर! ती जमिनीला दाबून नकोत?

रिकामी होती तेव्हा पुढं बावीस मण होते. माल भरल्यावर चौदा! मागं शहात्तर. काटेवाल्या सिद्धाप्पानं बेरीज मांडली, नव्वद. लॉरीच्या वजनाची हद्दही नव्वदच. झालं त्याचं काम.

गुरप्पाची बायको निंगव्वा त्याच लॉरीनं माहेरी, अक्कलकोटला निघाली होती. बाई थबकली.

"अवं, गाडी उलाळ हाय की. तोंड वर आलंय बगा."

"बैल हाय व्हय तोंड वर करायला? चड वर."

सिद्धाप्पा खिदळला. "वैनी, तुमीच इंजिनावर बसा, म्हंजी दाब पडंल!"

ती मागं गासड्यांवर जाऊन बसली.

गावाबाहेर ओढ्याच्या चढाला पुढची चाकं उचलली. गुरप्पानं हातातलं चाक गरगर फिरवलं, लॉरी वळेना. मागं घसरली आणि ओढ्यात कलंडली. गुरप्पा उडी मारून वाचला. निंगव्वा गासड्यांखाली गेली, ती गेलीच.

दुसऱ्या दिवशी जिनाच्या मालकानं गासड्या उपसून माझ्यावर आणून मोजल्या. ओल्या होत्या, पण एकही कमी नव्हती. "चला, नुकसान न्हाय," म्हणाला.

तिसऱ्या दिवशी गुरप्पा आला.

"म्होरं किती भरलं व्हतं?"

"चौदा."

"रिकाम्यापरास कमी? मग सांगितलं का न्हाईस?"

सिद्धाप्पानं पान चघळत म्हटलं, "तू इचारलंस व्हय?"

आता पलीकडं मोठा काटा बसलाय, अख्खी लॉरी एकदम तोलणारा. मी गंजत पडलेय, अंगावर कोंबड्या फिरतात. मित्रांनो, मला तेलपाणी करा म्हणून मी कुणाच्या पाया पडणार नाही. पण काट्यापाशी उभे राहाल तर नुसती बेरीज करून पाठ फिरवू नका. पुढचा आकडा वेगळा वाचा. मोठ्यानं वाचा, मालावर बसलेल्या बाईला ऐकू जाईल असा.