पेवातल्या अठरा बाटल्या

हरिबाच्या विहिरीवर बापानं लावलेला द्राक्षाचा वेल होता. द्राक्षं इतकी आंबट की पाखरंसुद्धा एकदा चोच मारून निघून जात. लढाईत इटलीला गेलेल्या हरिबानं तिथल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या तळघरात असल्याच आंबट द्राक्षांची फेसाची दारू पाहिली होती, महिनाभर त्याच्या हाताखाली कामही केलं होतं. शेहेचाळीस साली पलटणीतून सुटून आला तो जाड काचेच्या रिकाम्या बाटल्यांचं पोतं घेऊनच. बायको साळूबाई पोत्याकडं बघून म्हणाली, लोक लढाईवरून ट्रंका आणतात.

कवठे महांकाळकडच्या त्या कोरड्या मुलखात गारवा एकाच ठिकाणी, जमिनीखालच्या धान्याच्या पेवात. ते रिकामंच होतं. रस आंबून शांत झाला की बाटलीत भरायचा, थोडी साखर आणि आंबवण घालायचं, बूच तारेनं आवळायचं. आत दारू पुन्हा जागी होते. तिचा श्वास बाहेर जाऊ शकत नाही, तो दारूतच मुरतो. पहिल्या उन्हाळ्यात सहा बाटल्या फुटल्या. जमिनीखालून धडाका आला की शेजारी म्हणायचे, हरिबानं पेवात भूत पाळलंय. अठरा उरल्या.

वर्षानंतर गाळ काढायचं काम निघालं. बाटल्या फळीच्या भोकांत तोंड खाली करून तिरक्या ठेवायच्या आणि रोज प्रत्येक बाटली आठवा भाग फिरवायची, म्हणजे गाळ घसरत घसरत बुचापाशी जमतो. कुठवर फिरवली ते कळावं म्हणून बुडाला चुन्याचं बोट लावायचं. हे काम साळूनं घेतलं. ती डावखुरी. इटलीतला म्हातारा उजवीकडं फिरवायचा, ही डावीकडं. पेवात विषारी हवा साचते म्हणून रोज सकाळी आधी दोरीनं कंदील खाली सोडायची, तो विझला नाही तरच शिडीनं उतरायची. इटलीत काहीजण शेवटी वरून साखर घालत. साळूनं उन्हाळ्यात फुटलेल्या एका बाटलीच्या बुडात उरलेला घोट चाखला होता, ती म्हणाली, "आवं, साखर नगं. हिला हिच्या मनासारखी ऱ्हाऊ द्या."

चोवीस दिवस झाले आणि साळू पटकीनं गेली. सकाळी पेवातून वर येताना म्हणाली होती, आज फेरा पुरा झाला, खूण परत वर आली. दिवेलागणीला संपली.

तेराव्यापर्यंत हरिबानं पेवाचं झाकण उघडलं नाही. चौदाव्या दिवशी उतरला. चुन्याची खूण वर नव्हती. अठरांपैकी एकाही बाटलीची नव्हती. त्यानं हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर ती आणखी आठवा भाग सरकली होती, डावीकडं.

भीती वाटायला हवी होती. त्याला बरं वाटलं. मग तो रोज उतरू लागला. नुसता बसायचा.

माणूस जातं त्या जागी पीठ पसरून वर टोपलं पालथं घालतात, सकाळी पाऊल बघतात. साळूच्या वेळी टोपल्याखाली काही उमटलं नव्हतं. हरिबानं आता पेवाच्या तळाला जोंधळ्याचं पीठ पसरलं आणि मागं सरत शिडी चढला. सकाळी पावलं होती. मोठी, पुरुषाची. उजव्या पायाला करंगळी नव्हती. ती हरिबानं इटलीच्या बर्फात गमावली होती.

म्हणजे झोपेत तोच उतरत होता, कंदीलसुद्धा न सोडता. साळू नव्हतीच. त्या दिवशी ती दुसऱ्यांदा गेली.

पलटणीतला जोडीदार नाथाजी औंधकडून भेटायला आला. हरिबानं त्याला सगळं सांगितलं. नाथाजीनं ऐकून घेतलं, एक बाटली वर आणून उजेडात धरली. गाळ सगळा बुचाशी बसला होता. तो म्हणाला, आता ठेवून काय उपयोग, उघड.

दुपारी दोघं लिंबाखाली बसले. बाटली पालथीच धरायची, बूच सुटता सुटता तोंड वर करायचं, गाळ उडाला की अंगठा दाबायचा, मग नवं बूच ठोकायचं. हरिबाचा अंगठा उशिरा पडत होता. पहिल्या तीन बाटल्या अर्ध्या सांडल्या.

"गड्या, लिंबाला पाजतोस का काय?" नाथाजी म्हणाला.

चौथी बाटली आपसूक उजव्या हातात गेली आणि डावा हात बुचाकडं. फट् झालं, गाळ उडाला, अंगठा जागेवर. थेंब सांडला नाही. पाचवीचंही तसंच, सहावीचंही.

"डावखुरा कवापास्नं झालास रं?"

"मी न्हाई झालो," हरिबा म्हणाला.

नाथाजी जरा मागं सरकून बसला. पेल्यात खसखशीएवढे बुडबुडे तळातून ओळीनं वर येत होते. त्यानं घोट घेतला. आधी कैरीची आंबट धार, मग भाकरीच्या पापुद्र्याचा वास, आणि घोट उतरल्यावर जीभ लख्ख. गोडी कुठंच नव्हती. पाण्यासारखी वस्तू कोरडी कशी, याचं त्याला नवल वाटत राहिलं.

अठरावी हातात आली तसा हरिबा थांबला. ही उघडली की काम संपलं, आणि काम संपल्यावर ती कशाला थांबेल?

"एक ऱ्हाऊ दे, साळू," तो म्हणाला. "रोज फिरवू की."

त्यानं बाटली छातीशी धरली आणि डावा हात मांडीखाली दाबून ठेवला. हात निघाला. घाई न करता, घरातलं शेवटचं काम उरकावं तसा त्या हातानं तारेचा पीळ सोडला. बूच उडालं, अंगठा बसला, गाळ पायाशी पडला.

मग अंगठा सैल झाला आणि फेस मनगटावरून वाहू लागला. हरिबानं पेला भरून बाटली टेकवली, पेला डाव्या हातानं उचलून पाहिला. सवय नसलेल्या हातात पेला कलला, अर्धा धोतरावर सांडला. तो आता पुन्हा त्याचाच हात होता. उरलेली दारू त्यानं उजव्या हातानं प्यायली. नाथाजीनं कशी झालीय म्हणून विचारलं. "तिच्या मनासारखी," हरिबा म्हणाला.