दोघांसाठीचे टायर

१८ मे, रविवार. सकाळी दहा वाजून बारा मिनिटांनी सत्तेचाळीस क्रमांकाची निळी गाडी पहिली फेरी संपवून परत आली. व्हर्जिल कुचेरानं डाव्या पुढच्या टायरच्या रबरात तापमापकाची सुई खुपसली आणि आकडा वाचला. एकशे अठ्ठेचाळीस.

त्यानं सुई काढली, पुसली, पुन्हा खुपसली. एकशे अठ्ठेचाळीस.

"किती?" मार्लिस ट्वेटनं हेल्मेट काढत खिडकीतून विचारलं.

"कुठे फिरून बिरून आलीस की काय मधेच?"

"पंचावन्न सेकंदांची फेरी, व्हर्जिल. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. किती ते सांग."

त्यानं सांगितलं. हवा चोपन्न अंश फॅरनहाइट होती आणि सगळ्यांच्या अंगात जाकिटं होती. अशा सकाळी पहिल्या फेरीनंतर टायर नव्वद, फार तर शंभर दाखवतो. उरलेले तीन टायर ब्याण्णव, ऐंशी आणि एकोणऐंशी होते.

"ब्रेक धरत असेल," ती म्हणाली.

गाडी उचलली. व्हर्जिलनं चाकाला दोन बोटं लावली. चाक आवाज न करता फिरत राहिलं, बराच वेळ.

नेब्रास्कातल्या त्या बंद विमानतळाच्या धावपट्टीवर महिन्यातून दोन रविवार केशरी शंकू मांडून मार्ग आखला जातो. एका वेळी एक गाडी सुटते. प्रत्येक चालकाला चार फेऱ्या. शंकूला धक्का लागला की दोन सेकंदांचा दंड. बक्षीस म्हणजे एक कप. मार्लिस अठ्ठावन्न वर्षांची. शाळेच्या बसच्या कचेरीत बसून कोणत्या रस्त्यावर बर्फ साचलाय हे चालकांना वायरलेसवर सांगायचं, हे काम ती सव्वीस वर्षं करते आहे. त्यातली बावीस वर्षं ती आणि तिचा धाकटा भाऊ गॉर्डी हीच एक गाडी दोघांत चालवत होते. आधी ती, सत्तेचाळीस क्रमांकावर. मग ती उतरायची, गॉर्डी दारावरच्या ४७ च्या आधी चुंबकाचा १ चिकटवायचा आणि १४७ म्हणून सुटायचा. दर वेळी तो अर्ध्या सेकंदानं पुढे.

"शेगडी तू पेटव मार्ल, मांस मी भाजतो," असं तो म्हणायचा. ते खरंच होतं. तिनं तापवलेले टायर त्याला आयते मिळायचे.

टायर निवडायचं काम त्याचं. एकाच गाडीत दोन चालक असले की टायरला विसावा मिळत नाही. मऊ रबर तापून तेल लावल्यासारखं घसरायला लागतं, म्हणून दोघांना कडक टायर लागतात. एकट्याची गाडी फेऱ्यांच्या मधे वीस-वीस मिनिटं उभी राहते. तिथे कडक टायर थंडच पडून राहतात, म्हणून एकट्यानं मऊ घ्यायचे. क्लबात हे सगळ्यांना पाठ असतं.

अकरा फेब्रुवारीला गॉर्डी आपल्या घरासमोरचा बर्फ ओढताना खाली पडला आणि उठला नाही.

मार्चमध्ये मार्लिस व्हर्जिलच्या शेडमध्ये आली. व्हर्जिल शहात्तर वर्षांचा. शेतीची यंत्रं विकून त्याच शेडमध्ये तो आता टायर विकतो.

"नेहमीचेच ना?" सवयीनं त्याच्या तोंडून गेलं.

"नाही. एकटीचे."

"मऊ, मग."

"हं." तो लिहीत होता तिकडे ती बघत राहिली. "हे तू लिहिलंस की तो गेला, असं वाटतंय मला. पुरताना नव्हतं वाटलं."

"नंतर लिहितो, पोरी. घाई काय आहे?"

"लिही. सप्टेंबरपर्यंत बघते. एकटीला नाहीच जमलं, तर गाडी विकून टाकेन."

बावीस जूनला व्हर्जिलनं पहिल्या फेरीच्या आधीच सुई लावली. गाडी ट्रेलरवरून उतरवून तासभर झाला होता. इंजिन गार होतं. तीन टायर त्रेसष्ट, हवेइतकेच. डावा पुढचा एकशे एकवीस. उन्हामुळे म्हणावं, तर डावी बाजू ट्रेलरच्या सावलीत होती. व्हर्जिलनं शेजारच्या गाडीवाल्याचा तापमापक मागून आणला. त्यानंही तेच दाखवलं.

झीज त्यानं नंतर पाहिली. टायरच्या कडेला तो बुटाच्या पांढऱ्या पॉलिशचा पट्टा ओढत असे. वळणावर टायर किती आडवा होतो हे तो पट्टा किती पुसला यावरून कळतं. मार्लिस लवकर ब्रेक लावते, तिचा पट्टा जवळजवळ पूर्ण राहायचा. गॉर्डी उशिरा आणि जोरात वळवायचा, त्याचा पुसला जायचा. आता डाव्या पुढच्या टायरवर पॉलिशचा मागमूस नव्हता.

"त्याच्यासारखी वळवायला लागलीस काय गं तू?"

"मला तसं वळवता आलं असतं तर बावीस वर्षं हरले असते का?"

ती हसली नाही. पहिली फेरी बरी जायची. दुसऱ्या फेरीपासून गाडीचं तोंड घसरायचं, आणि निकालात ती शेवटची किंवा शेवटून दुसरी असायची. साठ फेऱ्या टिकणारा तो टायर ऑगस्टमध्ये अठ्ठाविसाव्या फेरीलाच संपला.

"कोणते मागवू?" व्हर्जिलनं विचारलं.

"कडक."

"पोरी, एकटीला कडक म्हणजे..."

"तापमापक तुझाच आहे ना? तो काय सांगतोय?"

व्हर्जिलनं लिहून घेतलं.

१४ सप्टेंबर, मोसमातला शेवटचा रविवार. नऊ चाळीसला मार्लिसची पहिली फेरी झाली. पहिल्याच वळणावर गाडी सरळ निघून गेली, तीन शंकू उडाले. व्हर्जिलनं चारही टायरना सुई लावली. एकाहत्तर, एकाहत्तर, सत्तर, सत्तर.

"थंडगार. चारही," तो म्हणाला. "असायला हवेत तसेच."

"डावासुद्धा?"

"डावासुद्धा."

तिनं समोरचा खण उघडला, चुंबकाचा १ काढला आणि खिडकीतून हात बाहेर घालून दारावर चिकटवला.

गाड्यांची रांग लावणारी आर्डेल पलीकडून येत होती. दारावर तिला १४७ दिसलं. गेली कित्येक वर्षं ती जे ओरडायची तेच तिच्या तोंडून निघालं. "सत्तेचाळीस, चालक बदल! दोन मिनिटं!"

मग तिचा वर गेलेला हात तसाच राहिला. "अगं मार्ल, मी... सवयीनं गं."

"बरोबर आहे तुझं," मार्लिस म्हणाली.

ती उतरली. चालकाची सीट तिनं मागे सरकवली, चार खाचा. गॉर्डी उंच होता. दार उघडंच ठेवून, हेल्मेट काखेत धरून ती बाजूला उभी राहिली. मागच्या गाडीवाल्यानं हॉर्न वाजवला नाही. व्हर्जिलनं घड्याळात पाहिलं तेव्हा दोन मिनिटं पुरी झाली होती.

ती परत बसली. सीट तिनं पुढे घेतली नाही. पेडलपर्यंत पाय जेमतेम पोचत होते, हे व्हर्जिलला दिसलं.

त्रेपन्न पूर्णांक नऊ सेकंद. एकही शंकू हलला नाही. त्या दिवशी याहून कमी वेळ कुणाचाच नव्हता.

गाडी थांबली तसा व्हर्जिल सुई घेऊन डाव्या चाकाशी गुडघ्यावर बसला.

"राहू दे," ती म्हणाली.

"एकदाच बघतो गं."

"व्हर्जिल. राहू दे."

त्यानं सुईला टोपण लावलं. उरलेल्या फेऱ्या तिनं घेतल्या नाहीत.

दुपारी दोन वाजता निकालाचा कागद ट्रेलरच्या पत्र्यावर लावला. वेळ नोंदणाऱ्या संगणकात क्रमांकांपुढे नावं गेल्या वर्षीचीच होती. ४७, मार्लिस ट्वेट, शेवटून पहिली. १४७, गॉर्डन ट्वेट, पहिला.

हरकत घ्यायला नियमानं अर्धा तास असतो. तिथे एकतीस चालक होते. सगळ्यांनी कागद वाचला. दुसरा आलेला माणूस वाचून झाल्यावर कागदासमोरच उभा राहिला, टोपी काढून डोकं खाजवलं आणि शंकू गोळा करायला गेला. हरकत लिहून घ्यायला आर्डेलच्या हातात उघडं पेन होतं. अडीच वाजता तिनं ते मिटवलं.

निकाल कायम झाला. व्हर्जिलच्या वहीत त्या फेरीपुढे डाव्या टायरची जागा कोरी आहे. गाडी विकलेली नाही. पुढच्या मोसमाचे टायर तीस नोव्हेंबरपर्यंत मागवावे लागतात. मार्लिसच्या नावानं मागणीचा कागद आला आहे, माप भरलेलं आहे, सही आहे. मऊ की कडक, ते तिनं अजून कळवलेलं नाही.