उत्तरेकडचं ऊन

कहकशांने गेल्या पाच वर्षांत नांदेड आणि लातूर मिळून साडेतीनशे इमारती उभ्या केल्या होत्या. त्यातल्या चाळीसेक पुढे बिल्डर लोकांनी बांधल्यासुद्धा. उरलेल्या तिच्या कॉम्प्युटरमध्ये सुखाने नांदत होत्या. त्यांना गळती नव्हती, भेगा नव्हत्या, आणि पार्किंगवरून अजून एकही भांडण झालेलं नव्हतं.

आर्किटेक्टकडून रेषांचा नकाशा यायचा. कहकशां त्याला भिंती चढवायची, काचा बसवायची, झाडं लावायची आणि मग वर ऊन सोडायची. या चित्राला धंद्यात रेंडर म्हणतात. बिल्डर त्याचा मोठा फ्लेक्स करून ओसाड रानात उभा करतो आणि लोक बायकोमुलांसह त्या चित्रात राहायला जातात. घर नंतर यथावकाश होतं.

तिची खरी करामत होती ऊन. गावातले बाकीचे रेंडरवाले ट्यूबलाईट लावावी तसा सूर्य लावत. कहकशांचं ऊन गॅलरीच्या गजांतून फरशीवर उतरायचं, खुर्चीच्या पायाशी वळायचं, पडद्याच्या काठावर जरा थांबायचं. त्या एका तिरिपेसाठी ती दोन-दोन दिवस घालवी. खुर्चीतून उठायची, खिडकीपाशी जायची, परत बसायची, सूर्य बोटभर सरकवायची. बिल्डर ते चित्र बघून म्हणत, "मॅडम, गाडी जरा मोठी टाका."

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी फोन आला.

"ते चित्र काढणारी बाई तूच का?"

"हो. आपण?"

"मी तुळजाबाई, लातूरहून. शिवशंकर ज्या रानात सूर्योदय हाईट्स बांधणार हाय ना, ते रान माझं. त्याच्या हापिसात चित्र बघितलं. लई ग्वाड काढलंस बग."

"शुक्रिया, आजी."

"आता मला सांग, दुसऱ्या मजल्यावर रोडच्या अंगाच्या ग्यालरीत ऊन पडलंय. ते किती वाजेपर्यंत राहतं?"

पाच वर्षांत तिच्या उन्हाबद्दल कुणी पहिल्यांदाच प्रश्न विचारला होता. कहकशां इतकी खूश झाली की उत्तर तोंडातून आपोआप निघून गेलं.

"राहतं की आजी. दहा ते चार."

"बास, मग तेच फ्लॅट घेते. रानाच्या बदल्यात तीन देतोय त्यो. उन्हाळ्यात माझ्या कुरड्या अन् हिवाळ्यात माझे गुडघे, दोन्ही उन्हावरच चालतेत. खरं सांगू का, आमच्या घराच्या त्याच दिशेच्या अंगाला मी कधी ऊन बघितलं न्हाई. रांजण तिथंच ठेवतो, पाणी गार राहतंय. पण वर चढल्यावर ऊन चारी अंगानं लागत असंल. मी कधी माडीवर राहिले न्हाई, मला काय म्हाईत? कॉम्प्युटरला म्हाईत असतंय. बेस्तरवारी सही हाय."

फोन बंद झाला. रांजण मात्र कहकशांच्या डोक्यात राहिला.

तिने नकाशा उघडला. उत्तर दिशा दाखवणारा बाण कागदाच्या कोपऱ्यात असतो. हा कोपरा कुणीतरी कापून पाठवला होता. तिने जुने नकाशे उघडून पाहिले. काहींवर बाण होता, काहींवर नव्हता, आणि दोन्हींची चित्रं सारखीच उजळ होती. टाईल्सचा रंग, रेलिंगची उंची, गाडीचं मॉडेल असं सगळं ती विचारून घ्यायची. उत्तर कुठे, हे विचारायची पद्धतच नव्हती.

तिने शिवशंकरला फोन लावला.

"सर, सूर्योदय हाईट्सची उत्तर कुठल्या बाजूला आहे?"

"उत्तर कामून पाहिजे, मॅडम? वास्तूवाला वेगळा हाय आपला."

"बिल्डिंगचं तोंड कुठे आहे?"

"रोडकडं."

"आणि रोड?"

"रोड पुढंच हाय की!" शिवशंकर हसला. "तुम्ही सूर्य ठेवा कुठं बी. आपलं काही म्हणणं न्हाई."

मग तिने उपग्रहाचा नकाशा काढला. रोड उत्तरेला होता. इमारतीचं नाव सूर्योदय, तोंड उत्तरेला, आणि दुसऱ्या मजल्यावर तिने दोन दिवस खपून लावलेलं ऊन तिथे वर्षातून दोनेक महिने, मृगाच्या आसपास, पाहुण्यासारखं डोकावून गेलं असतं.

ती उठली. पाणी प्यायली. चित्राखाली मुंगीच्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'चित्र कलात्मक, प्रत्यक्षात बदल संभवतो.' ते तिने तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा तिला वाटलं की आपण सुटलो. चौथ्यांदा वाटलं नाही.

शेवटी तिने प्रोग्रामला लातूर सांगितलं, तारीख सांगितली आणि खरा सूर्य चालू केला. एका क्षणात सूर्योदय हाईट्सवर संध्याकाळ झाली.

तेवढ्यात तिचे अब्बा, चांदपाशा, चहा घेऊन वर आले. चाळीस वर्षं त्यांनी नांदेडच्या इतवाऱ्यातल्या दुकानांचे बोर्ड रंगवले होते. पुढे फ्लेक्स आला आणि ब्रश डब्यात गेले. कुठल्याही दुकानाचा बोर्ड करायचा, तर ते आधी एक दिवस समोरच्या हॉटेलात बसून काढत. ऊन कधी येतं, कुठून येतं ते बघत. दुकानदारांना वाटे, हा माणूस कामचुकार आहे. पश्चिमेच्या दुकानाला त्यांनी कधी लाल रंग दिला नाही. दोन पावसाळ्यांत गुलाबी होतो म्हणत.

त्यांनी पडद्याकडे पाहिलं. "ये घर को क्या हुआ? उदास कायको बैठा है?"

"उत्तरेला तोंड आहे त्याचं, अब्बा."

"मग काल खूश कायको था?"

कहकशांने माऊस हातातून सोडला.

"तू बुलाई, तो सूरज उधर आ गया क्या?" चांदपाशांनी बशीत चहा ओतला. "मेरे बोर्ड पे भी लोग चित्र देखके आते थे, बेटा. पण मी दुकान सरकवलं नाही कधी."

"एवढा मोठा क्लायंट आहे. हे दाखवलं तर पुढचं काम गेलं."

"जाएगा," चांदपाशा शांतपणे म्हणाले आणि चहा प्यायले. बापाने यापेक्षा जास्त काही बोलायला हवं होतं, असं तिला वाटत राहिलं. पण ते खाली जाऊन टीव्ही बघत बसले.

मंगळवार-बुधवार तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. ती खुर्चीत बसली की जिन्यात जावंसं वाटे, आणि जिन्यात गेली की चित्र काय म्हणत असेल अशी धाकधूक. सावलीतली इमारत आधी तिला नकोशी वाटली. मग बघता बघता लक्षात आलं, की सावलीतही उजेड असतो. तो रस्त्यावरून वर येतो, समोरच्या भिंतीवरून परततो, छताच्या खालच्या अंगाला निळसर लागतो. तो आणायला तिला सगळं कसब पणाला लावावं लागलं. पाच वर्षांत तिने इतकं अवघड काही केलं नव्हतं, आणि एवढं करून बिल्डर ते टराटरा फाडणार, हेही ठरलेलं होतं.

मग तिने इमारतीची पाठ काढली. पाठ कुणी काढत नाही. तिथे पाईप असतात, टाक्या असतात, वाळत घातलेली गोधडी असते. पण दक्षिणेचं ऊन सगळं तिकडेच होतं.

गुरुवारी सकाळच्या एसटीने दोन्ही चित्रं नळीत घालून ती लातूरला निघाली. लोह्यापासून अहमदपूरपर्यंत ती उजव्या बाजूच्या खिडकीतून झाडांच्या सावल्या मोजत होती. शेजारच्या बाईने विचारलं, "काही हरवलंय का?"

शिवशंकरच्या ऑफिसात करार टेबलावर तयार होता. तुळजाबाई खुर्चीत मांडी घालून बसल्या होत्या. सत्तरीची बाई, हातात चष्मा, आणि चष्म्याची गरज नसल्यासारखे डोळे.

कहकशांने पहिलं चित्र उलगडलं.

शिवशंकर वाकून बघत म्हणाला, "मॅडम, बिल्डिंग आजारी पडली का?"

"ही खरी आहे, सर. रोड उत्तरेला आहे. आजी, फोनवर मी तुम्हाला दहा ते चार सांगितलं. ते चूक होतं. त्या गॅलरीत ऊन येणार नाही. मी ते सुंदर दिसावं म्हणून घातलं होतं."

"घातलं होतंस?" तुळजाबाई म्हणाल्या. "ऊन?"

"हो."

"अन् मी कॉम्प्युटरला म्हाईत असंल म्हणून बसले." त्यांनी चित्र जवळ ओढलं. "हां. हितं रांजण गार राहील. हे बरोबर हाय."

"मॅडम, हे काय करून राहिले तुम्ही?" शिवशंकर दबक्या आवाजात म्हणाला. "आज? सहीच्या दिवशी?"

कहकशांने दुसरं चित्र उलगडलं. पाईप, टाक्या, गोधडी आणि भरभरून ऊन. तुळजाबाईंनी त्यावर बोट ठेवलं. "मला ही बाजू दे."

शिवशंकरचा चेहरा क्षणात फुलला. पुढचे फ्लॅट चढ्या भावाचे, मागचे कुणी घेत नाही. "हाव की, मावशी! दिले. तीनही मागचे दिले. लिहून टाकू."

तुळजाबाईंनी बोट उचललं.

"एवढ्या लवकर?"

"तुम्ही मागितले म्हणून."

"शिवशंकर, बैल घेताना मालक असा पटकन हाव म्हणला की मी आधी बैलाचे दात बघते. चल, रान दाखव."

"रान तुमचंच हाय, मावशी!"

"म्हणूनच म्हणते. चल."

शिवशंकरच्या गाडीतून तिघं रानात गेली. हरभरा काढायला आला होता. तुळजाबाईंनी दोन डहाळ्या उपटून एक कहकशांच्या हातात दिली आणि घाटे सोलत सरळ दक्षिणेच्या बांधावर गेल्या. बांधापलीकडे महिन्यापूर्वी लागलेला नवा फ्लेक्स होता. अकरा मजले. पायाशी हिरवीगार हिरवळ, आणि हिरवळीवर एक गोरं जोडपं पळत होतं.

"हे कोण माझ्या रानात?" तुळजाबाई म्हणाल्या.

कहकशांच्या हातातला हरभरा तसाच राहिला. ते चित्र तिचंच होतं, गेल्या वर्षीचं, दुसऱ्या बिल्डरचं. शेजारी काय आहे ते कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तिने तुळजाबाईंच्या रानाच्या जागी हिरवळ घातली होती. जोडपं फुकटात मिळालं होतं.

"मी काढलंय, आजी."

"तूच?" तुळजाबाईंनी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "लातुरात आणखी काय काय काढून ठेवलंस बाई?"

"अकरा मजल्याचं मला बी म्हाईत नव्हतं," शिवशंकर म्हणाला. त्याच्या गाडीतून रोज त्या फ्लेक्ससमोरून जायला लागायचं, ही गोष्ट त्याने काढली नाही.

"मग आता त्याची सावली काढ," तुळजाबाई म्हणाल्या. "माझ्या ग्यालरीवर. पौषातली. चांगली गुडघे धरायच्या दिवसातली."

कहकशांने बांधावर बसून लॅपटॉप उघडला. दोन्ही इमारती तिच्याच होत्या, पण एकमेकींना पहिल्यांदाच भेटत होत्या. तिने त्यांना शेजारी उभं केलं. उन्हात पडद्यावर काही दिसेना. तिने मान वळवली, लॅपटॉप मांडीवरून उचलला, परत ठेवला. तुळजाबाईंनी पदराची कड ओढून पडद्यावर धरली आणि डोकं आत घातलं. दोघी पदराखाली बसून लातूरचा सूर्य बघू लागल्या. शिवशंकर बाहेर उभा राहून मोबाईल बघत होता आणि मोबाईलमध्ये काही नव्हतं.

सकाळचे नऊ. सावली सरकली. दहा, बारा, दोन. अकरा मजल्यांनी सूर्योदय हाईट्सचे खालचे तीन मजले दिवसभर झाकून टाकले. चौथ्यावर ऊन येऊन तासाभरात परत गेलं. पाचव्यावर मात्र टिकलं.

"परत दाखव," तुळजाबाई म्हणाल्या.

कहकशांने परत दाखवलं. मग स्वतःसाठी तिसऱ्यांदा बघितलं. जमिनीचा उतार तपासला, तारीख तपासली. हे चित्र चुकलं असतं तर ती बाई आणखी वीस हिवाळे अंधारात बसली असती.

तुळजाबाई पदराबाहेर आल्या. "पाचवा मजला, मागचा. तीनही."

"मावशी, पाचव्यावरचा एक मी मेहुण्याला सांगितलाय."

"त्याला पुढचा दे. पयलं, उन्हाचं चित्र दाखव त्याला. लई ग्वाड हाय."

शिवशंकरने कहकशांकडे पाहिलं. कहकशां म्हणाली, "ते चित्र मी आज काढून घेतेय, सर. फ्लेक्सवर सावलीचं लावा, नाहीतर लावू नका."

"मॅडम, सावलीचा फ्लेक्स बघून गिऱ्हाईक येतंय का?"

"मी आले की," तुळजाबाई म्हणाल्या.

ऑफिसात परतल्यावर करारातली पानं बदलली गेली. शिवशंकर मेहुण्याला फोन करायला दोनदा बाहेर गेला आणि दोन्ही वेळा न करता आत आला. तुळजाबाईंनी सावलीचं चित्र छापून घेतलं, वेळेसकट, आणि कराराच्या पाठीमागे जोडायला लावलं.

"आता ह्याच्यावर सही कर," त्या शिवशंकरला म्हणाल्या.

"चित्रावर?"

"सावलीवर. उद्या म्हणशील, मावशी, सावली कलात्मक होती."

शिवशंकरने सही केली. तुळजाबाईंनी पेन कहकशांपुढे सरकवलं. "तू बी. काढलंस तू."

साडेतीनशे इमारतींत तिला सही कुणी मागितली नव्हती. तिने पेन घेतलं आणि परत ठेवलं.

"थांबा आजी, एकदा परत बघते. अकरा मजल्यांवरच्या टाकीची उंची सावलीत धरली का नाही, ते."

"बग," तुळजाबाई म्हणाल्या आणि खुर्चीत मांडी नीट घातली. "शिवशंकर, चहा सांग. पोरीचं व्हायला येळ लागणार हाय."