सहासष्ट ग्रॅमचं स्थळ

जिज्ञासा हे नाव मीच सुचवलं होतं, त्यामुळे आता तक्रार करायची सोय राहिली नाही. माझ्या भावाची ही मुलगी लग्नाला आली आहे, अंबरनाथला बँकेत नोकरी करते आणि यो-यो खेळते. होय, तोच. दोन वाट्या पाठीला पाठ लावून मधे दोरा गुंडाळलेला. पण हिचे यो-यो जत्रेतले नाहीत. डब्यावर रुंदी, वजन, सगळं छापलेलं असतं, आणि ते खरं आहे का हे बघितल्याशिवाय हिला घास उतरत नाही.

आणि ते खरं नसतंच. डब्यावर पासष्ट ग्रॅम असेल तर यो-यो सदुसष्ट भरतो, अडुसष्ट असेल तर सहासष्ट. मोजताना दोरा काढून ठेवायचा, कारण छापलेलं वजन दोरा सोडून असतं, हे मला आता झोपेतही सांगता येईल. एकदा असाच एक यो-यो परत करायला ती मला उल्हासनगरला घेऊन गेली. दुकानदार शेठ म्हणाला, "मॅडम, दो ग्राम ज्यादा गया है आपको. रोना तो मेरेको चाहिए." मला त्याचं म्हणणं पटलं. जिज्ञासाला नाही. "लिहिलंय तेवढं भरलं पाहिजे," एवढंच ती म्हणाली आणि तासभर तिथून हलली नाही.

स्थळांच्या बाबतीतही हाच खाक्या. एका मुलाच्या बायोडाटात उंची पाच फूट नऊ इंच होती. पोहे झाल्यावर हिने त्याला गोड बोलून दाराच्या चौकटीशी उभं केलं आणि पेन्सिलने रेघ मारली. पाच सात निघाली. ती रेघ अजून आमच्या चौकटीवर आहे आणि तो मुलगा कर्जतला बायकोबरोबर सुखात आहे. दुसऱ्याने 'स्वभाव शांत' लिहिलं होतं. त्याला हिने इतके प्रश्न विचारले की तो शांत राहिला नाही.

मग मी अमितचं स्थळ आणलं. चामटोलीचा मुलगा, अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मशीनवर काम करतो. त्याने बायोडाटात स्वतःच लिहिलं होतं, 'वजन चौऱ्याऐंशी किलो. केस पुढून जायला लागले आहेत.' माझ्या वहिनीने कपाळाला हात लावला. जिज्ञासाने मात्र तो कागद पुन्हा पुन्हा वाचला आणि म्हणाली, "याला बोलवा." तो आला. केस खरोखरच पुढून गेलेले होते. त्या दिवसापासून ही मुलगी आरशासमोर गुणगुणायला लागली. मी मनात पेढे वाटले.

साखरपुडा रविवारी होता. आधीच्या गुरुवारी अमित संध्याकाळी घरी आला आणि लाजत लाजत तिच्या हातावर एक यो-यो ठेवून गेला. कारखान्यात सुट्टीनंतर थांबून, साहेबाला विचारून, त्याने तो ॲल्युमिनियमचा स्वतः बनवला होता. बाजूला बारीक अक्षरात कोरलं होतं, '६६ ग्रॅम'.

दुसरी कुणी असती तर रडली असती. आमची म्हणाली, "आत्या, काटा कुठे मिळेल?"

घरच्या काट्यावर वहिनीने सुके बोंबील मोजले होते, तेव्हापासून तो रिकामा असला तरी सात ग्रॅम दाखवतो. शुक्रवारी मला अमितची अंगठी आणायला कात्रपला आमच्या सोनाराकडे जायचंच होतं. सोनाराचा काटा म्हणजे एकदम पक्का. ही माझ्याबरोबर निघाली.

दुकानात लग्नाची गर्दी. काट्याला वारा लागू नये म्हणून तो काचेच्या पेटीत, पार आतल्या बाजूला असतो, आणि त्याच्यापाशी सोनाराच्या आई, इंदुबाई, बसतात. जिज्ञासाने दोरा सोडवला आणि चार बायकांच्या डोक्यांवरून यो-यो आत दिला.

इंदुबाईंनी तो उलटसुलट केला. "करंडा का गं? झाकण अडकलंय?"

"करंडा नाही हो, आजी. फक्त वजन सांगा."

"करायचंय का मोडायचंय?"

आता हा प्रश्न इंदुबाई प्रत्येकालाच विचारतात. पण आमची आदल्या संध्याकाळपासून एकाच विचारात. ती ठसक्यात म्हणाली, "सहासष्ट भरलं नाही, तर मोडायचंच!"

मी लग्नाच्या विचाराने हादरले. इंदुबाई शांतपणे काट्याकडे वळल्या आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, "चौसष्ट धर."

जिज्ञासाचा चेहरा पडला. मी तिला हात धरून बाहेर काढलं. माझं डोकं फिरलं होतं. हॉल ठरलाय, आचारी ठरलाय, चामटोलीहून अख्खी भावकी टेम्पोत बसून येणार आहे, आणि ही बाई दोन ग्रॅमवर अडून बसणार! तोंडात चांगल्या जाडजूड शिव्या आल्या होत्या. पण तिचे डोळे भरलेले दिसले आणि मी त्या गिळल्या.

"कंपन्या खोटं छापतात ते जाऊ दे, आत्या," ती म्हणाली. "याने माझ्यासाठी बनवला. आणि त्यावरही खोटं लिहिलं."

तिने तिथूनच अमितला फोन लावला, "चौसष्ट भरलाय" एवढं सांगितलं आणि ठेवून दिला.

पठ्ठ्या अंबरनाथहून बाइक दामटत आला. अंगात कामावरचा निळा शर्ट, उरलेल्या केसांत धातूचा चुरा. मला वाटलं, आता हा हातापाया पडणार किंवा भांडणार. त्याने दोन्ही केलं नाही.

"मी तीन येला मोजलाय," तो म्हणाला. "सहासष्टच हाय."

"मग सोनार खोटं बोलतो?"

"त्ये मना नाय म्हाईत. मी लिवलंय त्येवढाच हाय." आणि घाम पुसत म्हणाला, "तू सांग, परत मोजायचा का?"

आम्ही पुन्हा आत गेलो. या वेळी मी बायकांना कोपराने बाजूला केलं. माझं वजन बायोडाटात कधी लिहिलं गेलं नाही, पण ते अशा वेळी उपयोगी पडतं. यो-यो पुन्हा इंदुबाईंच्या हातात गेला.

"परत हाच करंडा?" त्या वैतागल्या. "करायचंय का मोडायचंय, एकदा काय ते ठरवा."

अमितने जिज्ञासाकडे बघितलं. त्या बिचाऱ्यालाही प्रश्न लग्नाचाच वाटला.

"मोडायचं नाय, आजी," तो म्हणाला. "आपल्याला करायचंय."

"मग तसं सांगा की आधी!" इंदुबाईंनी यो-यो काट्यावर ठेवला. "सहासष्ट. बरोबर सहासष्ट."

"मघाशी चौसष्ट म्हणालात," जिज्ञासा म्हणाली.

"मघाशी तू मोडायचं म्हणालीस. मोडायला आणलेल्या वस्तूची घट धरणार नाही का मी? दोन ग्रॅम धरली." इंदुबाईंनी चष्म्यावरून बघितलं. "जिन्नस कितीही चांगला असो. मोडायचं म्हटलं की तो कमीच भरतो आमच्याकडे."

माझ्या तर डोक्यातच प्रकाश पडला. जुना दागिना मोडीत घालताना सोनार मळाची, डागाची घट धरतो, हे मला काय ठाऊक नव्हतं? आयुष्यभर त्या घटीवरून याच बाईशी भांडत आले मी. पण भाचीचं लग्न त्या घटीत चाललंय हे कुणाच्या लक्षात येणार!

जिज्ञासा यो-यो मुठीत धरून उभी होती. कान लाल झाले होते. तिला माफी मागता येत नाही, हा आमच्या घराण्याचाच दोष आहे. शेवटी ती हळूच म्हणाली, "अमित, सहासष्टच आहे रे."

"मना म्हाईत हाय," तो म्हणाला. आणि इतका वेळ गरीब गाय वाटणारा तो मुलगा चक्क मिश्कील हसला. "पन एक इचारू? तुझ्या बायोडाटात वजन पंचावन्न लिवलंय."

मला घामच फुटला. तो बायोडाटा मी टाइप केला होता. मी घाईघाईने अंगठीच्या डबीत तोंड खुपसलं. जिज्ञासाने त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि मग यो-योला दोरा अडकवत, मान वर न करता म्हणाली,

"ते दोरा सोडून."