रवानगीच्या खोलीतलं बाक

मित्रांनो, मी फणसाच्या लाकडाचं एक जुनं बाक. कुंभकोणमच्या मुलींच्या निरीक्षणगृहात, रवानगीच्या खोलीत माझा जन्म गेला. चुकलेल्या मुलींना इथून पुढे कुठे पाठवायचं, ते या खोलीत ठरे. लिहिणारे टेबलामागे, मुलगी माझ्यावर. कुणी पाय हलवी, कुणी नखानं मला कोरी. त्या नक्षीचा मला कधी राग आला नाही.

१९८९ साली कृष्णवेणीअक्का मुलींची चौकशी करणाऱ्या अधिकारी म्हणून आल्या. घरी तंजावरी मराठी, बाहेर तमिळ. पहिल्याच दिवशी त्या टेबलामागून उठल्या नि मुलीच्या शेजारी येऊन बसल्या. मी कुरकुरलं; आनंदानं, बरं का!

एकदा गोमती आली. पंधरा वर्षांची, भांडणात एकीचं डोकं फोडून इथे आलेली. तिच्या कागदावर आधीच लिहिलेलं होतं : ‘पळाली. दूरच्या बंदिस्त सुधारशाळेत पाठवावे.’ तिथे गेली असती, तर म्हाताऱ्या आजीची भेट कायमचीच तुटली असती.

गोमतीही मराठी घरातलीच. अक्कांनी मराठीतच विचारलं, “का गं पळालीस?”

“पळाले नाही, अक्का. आजीला ताप होता. फाटकावर ‘जाऊन येतें’ म्हणून गेले.”

अक्कांनी फाटकावरच्या कल्याणरामना बोलावलं.

“म्हणाली खरी,” ते डोकं खाजवत बोलले. “मला वाटलं, थट्टा करते पोर!”

“पोलिसांनी पकडली कुठे?”

“आपल्याच स्टँडवर. तिच्या आजीच्या गावाहून, तिरुनीलक्कुडीहून आलेल्या बसमधून उतरताना.”

“अहो, पळालेली पोर परतीच्या बसनं येते होय?” अक्का हसल्या. मग गोमतीकडे वळल्या. “तू नको हसूस. न विचारता गेलीस, तेही लिहिणार आहे मी.”

“लिहा. पण आलेलंही लिहा.”

अक्कांनी ‘पळाली’ खोडलं. लिहिलं : ‘न विचारता गेली, आपणहून परत आली.’ वरच्या साहेबांनी ते मान्य केलं आणि गोमती तिरुभुवनमच्या खुल्या वसतिगृहात गेली. तिथे ती रेशमाच्या मागावर बसू लागली. दर रविवारी आजी डबा घेऊन तिच्याकडे जाई, असं कल्याणराम कौतुकानं सांगत.

आता खोलीत नव्या खुर्च्या आल्या, मी व्हरांड्यात आलं. भेटीला आलेल्या आया माझ्यावर टेकतात, तेवढ्यात मी सुखी आहे. फक्त एक पाय डुगडुगतो. मित्रांनो, जाता जाता एक खिळा ठोका. आणि कुणाचा कागद पुरा करण्याआधी त्याला शेवटपर्यंत बोलू द्या. पोरं सावकाश बोलतात. तोवर बसायला मी आहे.